विजेत्यांच्या जुन्या रेसिंग सायकली: पैसे लोखंडाचे की सातबाऱ्याचे?

गेंटकर

मंडळी, जुन्या मोटारी, घड्याळं, ग्रामोफोन यांच्यावर इथे भरपूर धागे निघाले, पण रेसिंग सायकलींवर निवांत बोलणं झालेलं दिसलं नाही. म्हणून हा धागा. नुसत्या जुन्या सायकली हा विषय नाही. ज्यांच्यावर बसून एखाद्या विजेत्याने खरोखर शर्यत मारली, त्या सायकली जमवणाऱ्यांबद्दल आणि त्या सायकलींबद्दल बोलायचं आहे.

मी बेल्जियममध्ये गेंटला राहतो. इथे वसंतातल्या शर्यती सुरू झाल्या की गावंच्या गावं रस्त्याच्या कडेला उभी राहतात. इथल्या लाडक्या विजेत्याने, एडी मर्क्सने, कुठल्या साली, कुठल्या चढावर, कुणाला मागे टाकलं हे इथल्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ असतं. साहजिकच "ही साक्षात मर्क्सची सायकल" म्हणून काहीबाही विकायला काढणारेही पुष्कळ.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अशा सायकलीचे पैसे लोखंडाचे नसतात, रंगाचे नसतात आणि फ्रेमवरच्या नावाचे तर नसतातच. पैसे असतात पुराव्याचे. जमीन कितीही कसदार असली तरी सातबाऱ्यावर नाव नसेल तर आपण इसार देतो का? तसंच हे. आणि हा पुरावा कागदावर कमी, सायकलच्या अंगावर जास्त असतो. म्हणूनच जुनी सायकल हाती लागल्यावर तिला खरवडून, नवा रंग मारून चकाचक करणारे लोक पाहिले की जीव तुटतो. हौसेच्या भरात ते नेमका पुरावाच पुसून टाकतात.

फ्रेमवरच्या नावावर विश्वास का ठेवायचा नाही ते सांगतो. पूर्वी मोठे खेळाडू फ्रेम आपल्या मापाने, आपल्या विश्वासातल्या कारागिराकडून बनवून घेत आणि तिच्यावर नाव मात्र संघाला पैसे देणाऱ्या कंपनीचं चढे. मर्क्सचंच पाहा. मिलानच्या फालिएरो मासीने त्याच्यासाठी फ्रेम बनवल्या, पुढे मोल्तेनी संघात असताना एर्नेस्तो कोलनागोने बनवल्या, त्यानंतर उगो दे रोझाने. २५ ऑक्टोबर १९७२ ला मेक्सिको सिटीत त्याने तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापून विश्वविक्रम केला. ती सायकल कोलनागोची. वजन पावणेसहा किलो. वजन उतरवायला चेनच्या कड्यांनासुद्धा भोकं पाडलेली. पण फ्रेमवर नाव होतं विंडसर, एका मेक्सिकन कंपनीचं!

ही पद्धत पुढेही चालू राहिली. १९८८ च्या जिरोत, म्हणजे इटलीच्या मोठ्या शर्यतीत, गाव्हिया घाटात बर्फ पडत असताना अँडी हॅम्पस्टेन ज्या सायकलवर होता तिच्यावर 'हफी' लिहिलेलं होतं. हफी म्हणजे अमेरिकेत मॉलमध्ये मिळणाऱ्या स्वस्त सायकली. प्रत्यक्षात ती फ्रेम जॉन स्लॉटा नावाच्या कारागिराने हाताने जोडलेली होती. १९९९ च्या टूर द फ्रान्समध्ये लान्स आर्मस्ट्राँगची वेळेविरुद्धच्या टप्प्याची सायकल लाइटस्पीडने बनवलेली, नाव ट्रेकचं. तेव्हा स्टिकर पाहून भाव ठरवणारा माणूस हमखास फसतो.

मग पाहायचं काय? मर्क्सचंच उदाहरण पुढे नेतो. सप्टेंबर १९६९ मध्ये ब्लुआच्या ट्रॅकवर तो भयंकर पडला. त्याच्या पुढे मोटारसायकल चालवणारा फर्नांद वाम्ब्स्त त्या अपघातात गेला आणि मर्क्सच्या कमरेला कायमचं दुखणं लागलं. त्यानंतर त्याला सीटची उंची कधीच पटली नाही. शर्यतीच्या आदल्या रात्री, अगदी शर्यत चालू असतानाही तो सीट वरखाली करत असे. आता विचार करा, अशा माणसाच्या सायकलचा सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, कसा असेल? वर्तुळाकार ओरखड्यांनी भरलेला, बोल्टचं डोकं झिजलेलं. रंग मारताना लोक हा सीटपोस्ट फेकून नवा चकचकीत बसवतात. पुराव्यातलं एक पानच फाडलं की!

तुमच्यापैकी कुणी अशा सायकली पाहिल्या आहेत, घेतल्या आहेत, दुरुस्त केल्या आहेत? लिहा.

पानशेत

वाचतोय. विषय अगदीच नवा आहे माझ्यासाठी. पहिला प्रश्न मध्यमवर्गीय: किंमत जाते तरी कुठवर?

गेंटकर

पानशेत, गाजलेला आकडा ५ लाख डॉलरचा. १ नोव्हेंबर २००९ ला न्यूयॉर्कमध्ये सदबीजच्या लिलावात आर्मस्ट्राँगची ट्रेक मादोन या किमतीला गेली. २००९ च्या टूरच्या शेवटच्या टप्प्यात पॅरिसमध्ये तो तिच्यावर होता. ब्रिटिश चित्रकार डेमियन हर्स्टने तिच्या फ्रेमवर आणि रिमवर खऱ्या फुलपाखरांचे पंख चिकटवून वर लॅकर मारलं होतं. प्राणिमित्रांनी त्यावर जोरदार आक्षेपही घेतला. लिलावाचे पैसे कर्करोगासाठी काम करणाऱ्या आर्मस्ट्राँगच्या संस्थेला गेले.

पण या आकड्याला मी सायकलचा भाव मानत नाही. तो हर्स्टचा भाव. चित्र म्हणून घेतलेली वस्तू, तिला चाकं होती इतकंच.

उंबरठा

तीन वर्षांनी, २०१२ मध्ये, उत्तेजकं घेतल्याबद्दल आर्मस्ट्राँगचे सगळे निकाल रद्द झाले. ऑगस्ट १९९८ पासूनचे सगळे, म्हणजे २००९ चा तिसरा क्रमांकही गेला. मग "विजेत्याची सायकल" या शब्दाला काय अर्थ उरला? माझ्या मते अशा सायकली संग्रहात ठेवूच नयेत. त्याच टूरमध्ये इमानदारीने पेडल मारून शंभरावा आलेला एखादा गडी असेल, त्याची सायकल ठेवा.

गेंटकर

उंबरठा, तुमचा राग पटतो. मी स्वतः तशी सायकल घेणार नाही. पण संग्रहालयात ती असावी असंच म्हणेन, शेजारच्या पाटीवर सगळी हकीकत लिहून. उद्या सायकली फक्त निष्कलंक माणसांच्याच ठेवायच्या म्हटलं तर नव्वदच्या दशकाची दालनं ओस पडतील, आणि ते दशक कसं होतं हे पुढच्यांना कळणारच नाही.

शेवंती

मी मिलानला असते, त्यामुळे इटलीची बाजू मांडते. इथे मार्को पंतानीचं उदाहरण पाहा. १९९८ मध्ये एकाच वर्षी जिरो आणि टूर दोन्ही जिंकला. १९९९ मध्ये मादोन्ना दी कँपिल्योत रक्ततपासणीत हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, ५० टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं म्हणून जिरो हातात आलेला असताना त्याला बाहेर काढलं. २००४ मध्ये रिमिनीच्या हॉटेलात एकटा गेला, वय अवघं चौतीस. त्याच्या बियांकी सायकलसमोर उभं राहून रडणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना सगळं माहीत असतं. तरी रडतात.

आणि गेंटकर, तुम्ही पैशांपासून सुरुवात केलीत, मी जिथे पैशांचा प्रश्नच येत नाही अशा जागेबद्दल सांगते. कोमो सरोवराच्या वर, माग्रेल्यो गावात घाटमाथ्यावर मादोन्ना देल गिझाल्लोचं, म्हणजे मेरीमातेचं, छोटंसं देऊळ आहे. १९४९ मध्ये पोप बाराव्या पायसने या मादोन्नाला सायकलपटूंची रक्षणकर्ती म्हणून घोषित केलं. आत शिरलात की भिंतींवर सायकली टांगलेल्या. कोप्पी, बार्ताली, मर्क्स, मोझर अशा जुन्या विजेत्यांच्या. जर्सी, मेणबत्त्या आणि गेलेल्या सायकलस्वारांचे छोटे छोटे फोटो. लोंबार्दियाची शर्यत वरून जाते तेव्हा देवळाची घंटा वाजवतात.

तिथेच फाबिओ कासार्तेल्लीची सायकल आहे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या रोड रेसचा सुवर्णपदक विजेता, इथल्याच कोमो परिसरातला मुलगा. १८ जुलै १९९५ ला टूरमध्ये पोर्ते दास्पे घाटाच्या उतारावर पडला आणि गेला. चोविसाव्या वर्षी. त्या अपघातात मोडलेली सायकल घरच्यांनी या देवळाला दिली. मोटोरोला संघाची, मोडली तशीच, कुणी काही सरळ केलेलं नाही. मी तिच्यासमोर बराच वेळ उभी होते. तुम्ही म्हणता तो पुरावा अंगावर वागवणारी याहून बोलकी सायकल मला माहीत नाही.

शेजारी २००६ मध्ये मोठं संग्रहालय झालंय, तेही उत्तम आहे. पण आधी देऊळ बघा.

पानशेत

शेवंतीताई, अंगावर काटा आला वाचून.

निळू_७२

व्यवसायाने यंत्र अभियंता, म्हणून थोडी तांत्रिक शंका. रेसिंग सायकलचे टायर काही आठवड्यांत संपतात. चेन, फ्रीव्हील, ब्रेकचे रबर, केबल बदलतच राहतात. हबमधले छर्रे आणि कोन झिजतात. फ्रेमची नळी वाकली तर संघाचा कारागीर झाळ सोडवून नवी नळी घालत असणार. मग शेवटी मूळ सायकल म्हणून उरतं काय? किती टक्के मूळ असेल तर तुम्ही तिला "त्याची" सायकल म्हणता?

गेंटकर

निळू, टक्क्यांत उत्तर देता येत नाही, पण जमवणाऱ्यांचा प्राधान्यक्रम ठरलेला आहे. फ्रेम आणि पुढचा चिमटा एकमेकांसोबतचे हवेत. दोन्हीवरचा रंग त्याच वेळचा हवा. त्यानंतर क्रँक, हब, गिअर यांची वर्षं फ्रेमच्या वर्षाशी जुळली पाहिजेत. टायर, चेन, हँडलची पट्टी बदललेली असली तर कुणी हरकत घेत नाही. ती बदलायचीच असते.

आणि त्या काळात नळी बदलली असेल तर उलट ती सायकल जास्त बोलते. कुठे पडला, किती दिवसांत दुरुस्त केली, हे शर्यतीच्या नोंदींशी ताडून पाहता येतं. अडचण आजच्या दुरुस्तीची असते.

वर्ष ओळखायला सायकलचे भाग बनवणाऱ्या इटलीच्या कँपान्योलो कंपनीने आपल्यावर उपकार करून ठेवलेत. सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्ड हबचा लॉकनट स्वच्छ पुसा, त्यावर 'सीएएम' आणि पुढे वर्षाचे दोन आकडे कोरलेले सापडतील. नुओव्हो रेकॉर्डच्या मागच्या डिरेलरवर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागावर, पेटंट आणि वर्ष. क्रँकच्या मागच्या बाजूला शंकरपाळ्याच्या आकारात आकडा असेल तर सत्तरचं दशक, गोलात असेल तर ऐंशीचं. हँडलचा स्टेम चिनेल्लीचा असेल तर त्यावरचं चिन्ह बघा. जुनं ढालीसारखं. सत्तरचं दशक संपता संपता कोलंबस नळ्यांच्या मालकांनी चिनेल्ली विकत घेतली आणि पंख असलेलं नवं चिन्ह आलं. १९७२ ची म्हणून विकलेल्या सायकलवर पंखवालं चिन्ह दिसलं की पुढे बोलायचं कारण नाही.

निळू_७२

हे फार आवडलं. आणि त्याआधीच्या काळाचं? कोप्पीच्या वेळी डिरेलर कसे होते?

गेंटकर

अहाहा, माझा आवडता विषय काढलात. चाळीसच्या दशकात कँपान्योलोचा 'काम्बियो कोर्सा' गिअर होता. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला, सीटखालून चाकाकडे येणाऱ्या नळीवर दोन लांब दांडे. गिअर बदलायचा तर स्वाराने चालत्या सायकलवर मागे हात घालून वरचा दांडा फिरवायचा. त्याने मागचं चाक चक्क सैल व्हायचं! मग उलटं पेडल मारत दुसऱ्या दांड्याने चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवायची. चाक दातेरी खाचांवर आपोआप पुढेमागे घरंगळून चेनला ताण द्यायचं. मग पहिला दांडा आवळायचा. हे सगळं घाटात, चिखलात, बाजूने प्रतिस्पर्धी निसटत असताना. पुढे हेच काम एका दांड्यावर करणारी सुधारित आवृत्ती आली. १९५० ची पॅरिस–रूबे शर्यत कोप्पीने तिच्यावर जिंकली आणि त्या गिअरलाच 'पॅरिस–रूबे' नाव पडलं.

मी एका संग्राहकाकडे या जातीची सायकल हाताळली. चाकाच्या दोन्ही बाजूंच्या दातेरी खाचा बोटाने चाचपल्या तर उजवीकडचे दात मधोमध गुळगुळीत झालेले आणि टोकांना अजून धारदार. म्हणजे स्वार दोनतीन ठरावीक गिअरांमध्येच खेळत होता. वरच्या दांड्याच्या मुठीवरचा मुलामा फक्त अंगठ्याखाली उडालेला. त्या संग्राहकाने एकही भाग पॉलिश केला नव्हता. वर्षातून दोनदा कापडाने तेलाचा हात फिरवतो, बाकी काही नाही. हा माणूस मला खरा जाणकार वाटतो.

शेवंती

कोप्पीचा विषय निघालाच आहे तर मिलानला येणाऱ्यांनी व्हिगोरेल्लीचा ट्रॅक पाहावा. भर महायुद्धात, नोव्हेंबर १९४२ मध्ये, कोप्पीने तिथे तासाचा विक्रम केला. पंचेचाळीस किलोमीटरहून जरा जास्त. तो तब्बल १९५६ पर्यंत टिकला आणि मोडला तोही याच ट्रॅकवर, जाक आंकतीलने. गेंटकरांनी उल्लेख केलेल्या मासींची कार्यशाळा याच ट्रॅकच्या पोटात.

बार्तालीबद्दलही एक सांगायला हवं. १९४३-४४ मध्ये सरावाच्या नावाखाली तो फ्लॉरेन्स-असिसी भागात शेकडो किलोमीटर सायकल मारायचा आणि फ्रेमच्या नळीत, सीटखाली ज्यू कुटुंबांसाठीची बनावट ओळखपत्रं लपवून न्यायचा. हयातभर त्याबद्दल बोलला नाही. २०१३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, इस्रायलच्या याद वाशेमने, म्हणजे ज्यूंच्या संहाराच्या स्मारक संस्थेने, त्याचा गौरव केला. टूर दोनदा जिंकला, १९३८ आणि १९४८. पण इथल्या शाळेत मुलांना आधी सांगतात ती नळीतल्या कागदांची गोष्ट.

ॲमस्टेलवेनकर

गेंटकर, तुमचा धागा अगदी वेळेवर आला. इथे एका जाहिरातीत मोल्तेनीच्या नारिंगी रंगाची, फ्रेमवर एडी मर्क्स लिहिलेली सायकल विकायला आहे. विकणारे गृहस्थ म्हणतात १९७४ च्या टूरमध्ये संघाच्या गाडीवर राखीव म्हणून होती. भाव सांगताहेत तेवढ्यात आमच्याकडे बरी सेकंडहँड कार येईल. कागद एकच, कुणीतरी हाताने लिहून दिलेलं पत्र. शनिवारी बघायला बोलावलंय. काय बघू?

गेंटकर

सर्वात आधी, घाईने पैसे देऊ नका.

सत्तरच्या दशकात मर्क्सच्या नावाच्या नारिंगी सायकली दुकानातही मिळत होत्या. ओस्टेंडच्या केसेल्स कारखान्यात त्या बनायच्या आणि लोक हौसेने घ्यायचे. मर्क्सचा स्वतःचा कारखाना १९८० मध्ये निघाला. तेव्हा नारिंगी रंग आणि फ्रेमवरचं नाव एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. केसेल्सच्या त्या सायकली चांगल्या असतात, चालवायला मजा येते, पण भाव निराळा.

टेप घेऊन जा आणि फ्रेमचं माप घ्या. मर्क्स सहा फुटी गडी, फ्रेम मोठीच लागायची. राखीव सायकल दुसऱ्या कुणाची असू शकते, पण मग ती मर्क्सची नाही, एवढं सरळ विचारा. वरच्या नळीखाली, मागच्या बाजूला, नंबरची पाटी अडकवायला झाळलेला छोटा पत्रा आहे का पाहा. शर्यतीच्या फ्रेमवर तो असायचा. स्क्रूने लावलेला नको, झाळलेला. सीटपोस्ट काढू दिला तर आतल्या नळीत डोकवा. नंतर रंगवली असेल तर तिथे दोन रंगांचे थर दिसतात.

शेवंती

पत्र कुणी लिहिलंय ते नीट वाचा. संघाच्या मेकॅनिकचं पत्र असेल तर त्याला वजन आहे, कारण हंगाम संपला की सायकली बहुधा त्यांच्याच हातून बाहेर जायच्या. काही नवोदित खेळाडूंना विकल्या जायच्या, काही नातलगांना. "माझ्या वडिलांनी एका माणसाकडून घेतली जो संघाला ओळखत होता" अशा पत्राला इटलीत कुणी विचारत नाही. आणि त्या काळच्या शर्यतीच्या फोटोंशी ताडून बघा. केबल कुठून जाते, बाटलीची जाळी कुठे आहे, टो-क्लिपचे, म्हणजे पेडलवर पाय अडकवायच्या चापांचे, पट्टे कुठल्या रंगाचे. फोटोत जिथे रंगाचा टवका उडालाय तिथेच या सायकलवर असेल तर गोष्ट वेगळी.

रानजाई

इतका वेळ वाचत होते. सगळे जाणकार आहात, म्हणून विचारते: सगळी नावं पुरुषांचीच का?

बेरिल बर्टनबद्दल कुणीच बोललं नाही. यॉर्कशरची. पाच वेळा परस्यूटची, म्हणजे ट्रॅकवरच्या पाठलाग शर्यतीची, आणि दोनदा रोड रेसची विश्वविजेती. १९५९ ते १९८३ सलग पंचवीस वर्षं ब्रिटनमधली सर्वोत्तम महिला सायकलपटू. १९६७ मध्ये बारा तासांच्या शर्यतीत २७७.२५ मैल कापले, आणि त्याच दिवशी पुरुषांचा नवा विक्रम करणाऱ्या माइक मॅकनमाराला रस्त्यात मागे टाकलं. त्याच्या जवळून जाताना तिने खिशातली ज्येष्ठमधाची गोळी काढून त्याला दिली. दोन वर्षं कुठल्याही पुरुषाला तिचा आकडा गाठता आला नाही, आणि बायकांमध्ये तो २०१७ पर्यंत टिकला. तिच्या सायकलला मर्क्सच्या सायकलइतका मान का मिळू नये?

त्याच्याही आधी, १९२४ मध्ये, अल्फोन्सिना स्त्रादा पुरुषांच्या जिरोत उतरली. वाटेत हँडल मोडलं तर झाडूचा दांडा लावून पुढे गेली. आज तो झाडूचा दांडा कुणाकडे असता तर?

गेंटकर

रानजाई, तुमचा मुद्दा बिनतोड आहे. यात बाजाराचा दोष तर आहेच, पण जतन करण्याचाही आहे. पुरुषांच्या संघांकडे मेकॅनिक, गाड्या, फोटोग्राफर होते. त्यामुळे कुठली सायकल कुठल्या दिवशी वापरली याची नोंद राहिली. बर्टन नोकरी करून, रुबार्बच्या मळ्यात राबून शर्यती करत होती. बायकांच्या शर्यतींचे फोटोच कमी निघाले, मग पुरावा कमी, मग भाव कमी. मनापासून जमवायचं असेल त्याने आज नेमकं इथे लक्ष घालावं. त्या पिढीच्या बायका अजून हयात आहेत. त्यांच्याकडे जाऊन, त्यांच्या तोंडून ऐकून, लिहून घेता येईल.

आणि पैशांशिवायच्या मोलाबद्दल म्हणाल तर स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीची 'ओल्ड फेथफुल' आठवते. स्वतः बनवलेली, तिच्यात वॉशिंग मशीनची बेअरिंग घातलेली. जुलै १९९३ मध्ये नॉर्वेत हामारला आधी तिच्याच नव्या, नीटस प्रतिकृतीवर त्याने तासाचा विक्रम करून पाहिला, जमला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मूळ सायकल काढली आणि ५१.५९६ किलोमीटर मारले! आठवड्याच्या आत इंग्लंडच्या क्रिस बोर्डमनने तो विक्रम मोडला, पण लोकांच्या मनात राहिली ती ओब्रीची सायकल.

निळू_७२

एकाच माणसाने चोवीस तासांत दोन्ही सायकलींवर जोर लावला आणि मूळ सायकल जिंकली! प्रतिकृतीत नेमका कशाचा फरक पडला असेल यावर मी आता आठवडाभर विचार करणार.

भोरघाट

मी पुण्याचा, वय सत्तरीच्या पुढे. या धाग्यावर इतक्या दुरून लोक लिहिताहेत म्हणून आपल्या मातीतलं थोडं लिहितो.

मुंबई–पुणे सायकल शर्यत तुमच्यापैकी कितीजणांना माहीत आहे? खंडाळ्याचा घाट जो सर्वांत आधी चढेल तो 'घाटाचा राजा'. आम्ही पोरं पहाटे निघून घाटाच्या माथ्यावर जाऊन बसायचो. पहिला स्वार वळणावर दिसला की आरोळी उठायची आणि पुढे लोणावळ्यापर्यंत आरोळीवर आरोळी. माझे थोरले मामा ही शर्यत खेळायचे. राजा कधी झाले नाहीत, पण पहिल्या दहांत असायचे. मामा आठवड्याला चाकाचा आउट स्वतः काढायचे, तारा बोटाने छेडून आवाजावरून ताण ओळखायचे.

त्या काळच्या घाटाच्या राजांच्या सायकली आज कुठे आहेत? बहुतेक भंगारात गेल्या. काही मुलांनी शाळेत नेल्या, कॅरिअर-स्टँड लावून. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, तिथे जुन्या सायकली किती प्रेमाने ठेवल्यात ते जाऊन बघा. पण आपल्या शर्यतींच्या, आपल्या खेळाडूंच्या सायकली नावानिशी, सालानिशी एका जागी जमायला हव्यात. मर्क्सच्या सायकलला लाखो रुपये देणारे आहेत. आमच्या घाटाच्या राजाच्या सायकलला कुणी शंभर रुपये दिले नाहीत, वजनावर गेली.

मामांची सायकल माझ्याकडे आहे. भाचा म्हणतो पावडर कोटिंग करून दिवाणखान्यात भिंतीवर लावू. गेंटकर, तुमचं काय म्हणणं?

गेंटकर

काका, नमस्कार. तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत मोलाचा आहे.

पावडर कोटिंग अजिबात करू देऊ नका. त्याआधी सँडब्लास्टिंग करतात, त्यात रंग, लिहिलेली नावं, नंबरच्या पाटीच्या खुणा, सगळं जातं. गंज असेल तिथे बारीक स्टीलवूल आणि तेल, हलक्या हाताने. नळ्यांच्या आत सीटपोस्टच्या भोकातून थोडं तेल सोडा आणि सायकल उलटीसुलटी फिरवा. चाकं काढून टांगून ठेवली तर टायरचं रबर चिकटत नाही. भिंतीवर जरूर लावा, ओल नसलेल्या भिंतीवर.

आणि मामांबरोबर खेळलेलं कुणी हयात असेल तर या महिन्यात जाऊन भेटा. कुठल्या साली कोण पहिला आला, कुणाकडे कुठली सायकल होती, गिअर होते की नव्हते, टायर कुठून मिळायचे, सगळं फोनवर रेकॉर्ड करा. मर्क्सची विक्रमी सायकल ब्रसेल्सला अँडरलेख्टच्या मेट्रो स्टेशनात काचेच्या पेटीत आहे. स्टेशनालाही त्याचंच नाव. ऑफिसला जाणारे लोक तिकिटाच्या पैशात रोज ती बघतात. लोणावळ्याच्या किंवा शिवाजीनगरच्या स्टेशनात घाटाच्या राजाची सायकल का असू नये?

उंबरठा

+१. भोरघाट काका, याचा वेगळा धागा काढा, आम्ही माहिती गोळा करायला मदत करू. माझ्या शेजारी एक जुने सायकल मेकॅनिक राहतात, पूर्वी याच शर्यतीच्या वेळी स्वारांच्या सायकली तपासून द्यायचे. उद्याच विचारतो.

ॲमस्टेलवेनकर

शनिवारी जाऊन आलो. फ्रेम पंचावन्नची. पुढच्या हबवर ७७, मागच्यावर ७७. नंबरच्या पाटीचा पत्रा नाही, कधी असल्याची खूणही नाही. पत्र विकणाऱ्यांच्या मेव्हण्याचं. मी शांतपणे हबवरचे आकडे दाखवले आणि ७७ ची चाकं ७४ च्या टूरला कशी गेली असं विचारलं, तर म्हणाले चाकं नंतर बदलली असतील. बदलली असतीलही, पण मग बाकी काय उरतं? मी केसेल्सच्या भावात मागितली, त्यांनी नाही म्हटलं. माझे पैसे वाचले. तुमचे आणि शेवंतीताईंचे आभार.

तरी सायकल देखणी होती हो. नळ्यांच्या सांध्यांवरच्या लगांच्या कडा इतक्या सुबक, वरून पांढरी बारीक रेघ ओढलेली.

शेवंती

मग महिनाभराने पुन्हा फोन करा. त्या भावात ती कुणी घेणार नाही. खऱ्या भावात मिळाली तर चालवायला घ्या. तोस्कानात गायोलेला दर ऑक्टोबरात 'लेरोइका' असते. १९९७ पासून चालू आहे. १९८७ च्या आधीची सायकल, गिअरचे दांडे खालच्या नळीवर, टो-क्लिपवाले पेडल आणि ब्रेकच्या केबल हँडलवरून बाहेर लोंबणाऱ्या, असा नियम. पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवरून, द्राक्षमळ्यांतून जायचं. तिथे केसेल्स अगदी शोभून दिसेल.

भोरघाट

गेंटकर, भाच्याला धागा वाचून दाखवला. कोटिंग रद्द. आज ऊन होतं म्हणून सायकल अंगणात काढली. सीटखालच्या नळीवर पांढऱ्या ऑइलपेंटने ४१ लिहिलेलं आहे, धुळीखाली गेलं होतं. बहुधा शर्यतीचा क्रमांक. मामांसोबत खेळलेले एक गृहस्थ कसबा पेठेत आहेत, त्यांच्याकडे गुरुवारी जायचं ठरलंय. फ्रेमचा नंबर कुठे सापडतो तेवढं सांगा.

गेंटकर

काका, सायकल उलटी करा. पेडलचा दांडा ज्या नळीतून आरपार जातो, तिच्या पोटावर नंबर ठोकलेला असतो. तिथे नसेल तर सीटच्या नळीच्या वरच्या टोकाला, मागच्या बाजूला बघा. रॉकेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसा, पत्र्याच्या ब्रशने घासू नका. फोटो काढताना टॉर्च बाजूने, तिरपी धरा म्हणजे आकडे उठून दिसतील. ४१ चाही फोटो टाका, आणि गुरुवारी जाताना तो फोटो सोबत न्या.